रोजच्या अर्धशिशीवर घरगुती उपाय: आधी गोळ्यांचा हिशोब

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. वय ३६, कॉलेजात असल्यापासून अर्धशिशी. पूर्वी महिन्यातून दोन-तीनदा व्हायची, गेल्या दीड वर्षात महिन्यातले वीस-बावीस दिवस डोकं दुखतं. पहाटे जाग येते तीच दुखण्याने. एमआरआय नॉर्मल. त्या लिहितात, "गोळ्या खाऊन कंटाळले. सासूबाई सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खायला सांगतात, मैत्रीण म्हणते नाकात गाईचं तूप सोड, कुणी ॲक्युपंक्चर सुचवतं. गोळ्यांशिवाय कायमचं बरं करणारं काही आहे का?" आणि शेवटी एक ओळ: "माझी दहा वर्षांची मुलगीही हल्ली डोकं धरून बसते."

ताई, तुम्ही बरंच लिहिलंत, पण मला हवी होती ती एक गोष्ट राहून गेली. डोकं किती दिवस दुखतं ते कळलं. गोळी किती दिवस घेता ते कळलं नाही. 'गोळ्या खाऊन कंटाळले' हे शब्द आणि पहाटे दुखण्यानेच येणारी जाग, यावरून माझा अंदाज आहे की तो आकडा महिन्याला दहाच्या बराच पुढे असणार. तसं असेल तर कुठलाही उपाय, सासूबाईंचा असो की माझा, त्या गोळ्यांखाली दबून जाईल. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी मधूनच सुरू करणार आहे. जिलेबीकडे येईनच.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावात सव्वीस वर्षं दवाखाना चालवते. मला स्वतःला अर्धशिशी आहे आणि गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे डोकं धरून बसलेली माणसं जरा जास्तच येतात. जिलेबी मीही खाल्ली आहे.

काही वर्षांपूर्वी पतसंस्थेत काम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. मी त्यांना डोकेदुखीची नोंद ठेवायला सांगितली, तर त्या पुढच्या वेळी भिंतीवरचं कालनिर्णयच पिशवीतून घेऊन आल्या. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी लाल ठिपके, म्हणजे डोकं दुखलं तो दिवस, आणि गोळी घेतली तिथे निळी फुली. मी मोजलं. ठिपके १९, फुल्या २४. म्हणजे पाच दिवस डोकं दुखतच नव्हतं आणि गोळी घेतली होती. विचारलं तर म्हणाल्या, "त्या दिवशी ऑडिट होतं, दुखायला लागू नये म्हणून आधीच घेतली." सगळं दुखणं त्या कागदावर होतं. एमआरआयमध्ये ते दिसणार नव्हतं.

वेदनाशामक औषध मेंदूला वारंवार मिळत राहिलं की वेदना वाहून नेणारी यंत्रणा शांत होण्याऐवजी हळवी होत जाते. गोळीचा अंमल रात्रीतून उतरतो आणि पहाटे चार-पाचला डोकं ठणकत उठवतं. मग पुन्हा गोळी, तास-दोन तास बरं, पुन्हा ठणका. यासाठी ठरलेल्या मर्यादा आहेत. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस. दोन-तीन घटक एकत्र असलेली गोळी, ट्रिप्टान किंवा एर्गोटामिन (ही दोन्ही अर्धशिशीच्या झटक्यावरची खास औषधं), किंवा ट्रामाडोलसारखं तीव्र वेदनाशामक १० किंवा त्याहून जास्त दिवस. आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर औषधाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी धरायची. दिवस मोजायचे, गोळ्या नव्हे. एका दिवसात दोन घेतल्या तरी दिवस एकच.

गंमत अशी की हे मुळात डोकेदुखीचा स्वभाव असलेल्यांनाच होतं, त्यातही अर्धशिशीच्या माणसांना जास्त. गुडघेदुखीसाठी रोज पेनकिलर घेणाऱ्याला, मुळात डोकेदुखीचा स्वभाव नसेल, तर सहसा असं डोकं धरत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. मेडिकलमध्ये 'अर्धशिशीची गोळी द्या' म्हटलं की बऱ्याचदा जी स्ट्रिप हातात पडते तिच्यात एर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीचं औषध असं चारही एकत्र असतं. गोळी गुणकारी आहे, महिन्यातून दोनदा घेतली तर मी तक्रार करणार नाही. पण एर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. हृदयविकार असेल, बीपी ताब्यात नसेल, गरोदरपण असेल तर ते चालत नाही, आणि घशाच्या संसर्गासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर ही जोडी हातापायांच्या बोटांचा रक्तपुरवठा तोडण्यापर्यंत जाऊ शकते. तुमच्या स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं आज एकदा वाचा.

मग गोळ्या बंद करायच्या कशा? साध्या पेनकिलर एकदम थांबवता येतात, पण पहिले आठ-दहा दिवस वाईट जातात हे आधीच सांगते, नाहीतर तिसऱ्या दिवशी 'डॉक्टरीणबाईंनी डोकं आणखी वाढवलं' म्हणून तुम्ही पुन्हा स्ट्रिप उघडाल. डोकं जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते, चिडचिड होते. मी शिक्षकांना दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी निवडायला सांगते. घरच्यांना आधी कल्पना द्यायची, स्वयंपाकाची जबाबदारी दुसऱ्याकडे. ते दिवस ढकलायला म्हणून आणि पुढे झटके कमी व्हावेत म्हणून रोज घ्यायचं वेगळ्या प्रकारचं औषध सुरू करावं लागतं, म्हणून हे डॉक्टरांच्या नजरेखालीच करा. ट्रामाडोल किंवा कोडीन असलेलं काही घेत असाल, किंवा झोपेच्या गोळ्या जोडीला असतील, तर एकदम बंद करू नका. त्या उतरत्या मात्रेनेच सोडायच्या असतात. पतसंस्थेतल्या त्या बाईंचं डोकं दुसऱ्या आठवड्यात हलकं व्हायला लागलं आणि तिसऱ्या महिन्यात कालनिर्णयवर सहा ठिपके होते. सगळ्यांचं इतकं छान होत नाही. काहींची अर्धशिशी गोळ्या सुटल्यावरही दाटच राहते. मात्र त्यानंतर केलेला उपाय लागू पडतो की नाही हे निदान कळू तरी शकतं.

आता निदानाचा एक घोळ, कारण तो प्रत्येक घरात असतो. आपल्याकडे अर्धशिशीला दोन टोपणनावं आहेत, पित्त आणि सायनस. डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, उलटीनंतर जरा मोकळं वाटतं. म्हणून 'पित्त उठलं' म्हणायचं आणि घशात बोटं घालून ते पाडायचं. खरं म्हणजे मायग्रेनच्या, म्हणजे अर्धशिशीच्याच, झटक्यात पोटाची हालचालच मंदावते, त्यामुळे मळमळ आणि उलटी हा झटक्याचा भाग आहे, त्याचं मूळ नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असलेले कितीतरी अर्धशिशीचे रुग्ण मी पाहिले आहेत. पोट मंद असल्यामुळेच उशिरा घेतलेली गोळी तिथेच पडून राहते. म्हणून महिन्यातल्या मोजक्या झटक्यांत जेव्हा गोळी घ्यायची तेव्हा ती सुरुवातीलाच घ्यायची, सोबत डॉक्टरांनी दिलेलं उलटीचं औषध. सायनसचंही तसंच. अमेरिकेत २००४ साली स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं समजणाऱ्या जवळजवळ तीन हजार लोकांना तपासलं, त्यातल्या ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनची निघाली. झटक्यात नाक चोंदणं, डोळ्यांतून पाणी येणं हेही मायग्रेनमध्ये होतं. तेव्हा वाफारे घ्या, बरं वाटेल, पण त्याच्या भरवशावर अँटिबायोटिकचे कोर्स करू नका.

घरगुती उपायांचे मी मनात दोन ढीग करते: डोकं दुखत असताना करायचे, आणि दुखू नये म्हणून करायचे. लोक ते एकमेकांत मिसळतात आणि मग 'आलं घेतलं, फरक नाही' म्हणतात.

दुखत असतानाच्या ढिगात आलं खरंच आहे. इराणमध्ये १०० रुग्णांवर आल्याच्या पुडीची तुलना सुमाट्रिप्टान या ट्रिप्टान गटातल्या औषधाशी केली होती, २०१४ साली ती छापून आली. दोन तासांनी दोन्ही गटांत आराम सारखाच होता. त्यात नकली, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीचा तिसरा गट नव्हता, त्यामुळे मी फार मोठा दावा करणार नाही. पण मळमळीला आलं चांगलं, स्वस्त, आणि ठणका सुरू होताच पाव चमचा सुंठ कोमट पाण्यातून घेण्यात काही बिघडत नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तेवढं विचारून घ्या. झटके कमी व्हावेत म्हणून रोज आलं खाण्याचा मात्र उपयोग दिसलेला नाही.

थंडावा हा दुसरा. फ्रीजमधला बर्फ पंच्यात गुंडाळून कपाळावर आणि मानेच्या मागे पंधरा मिनिटं. काहींना उलट गरम पाण्यात पाय सोडून बसल्यावर बरं वाटतं, ते ज्याचं त्याने पाहावं. कपाळाला साडीचा काठ घट्ट आवळून बांधणाऱ्या आजी तुम्ही पाहिल्या असतील. मीही ओढणी बांधते. कानशिलावरच्या रक्तवाहिनीवर दाब आला की ठणका कमी जाणवतो. सोडला की परत येतो, पण तेवढा वेळ झोप लागून जाते, आणि अर्धशिशीत झोप लागली की अर्धं काम झालं. बाम आणि पुदिन्याचं तेल यांचा चांगला पुरावा आहे तो ताणाच्या डोकेदुखीसाठी. अर्धशिशीत कित्येकांना तो वासच सहन होत नाही. चोळून चोळून कपाळाची साल काढलेली माणसं येतात.

चहाचं जरा सांगते. झटक्याच्या सुरुवातीला एक कप कडक चहा किंवा कॉफी मदत करते, कॅफिनने वेदनाशामकाचा जोर वाढतो. पण दिवसाला पाच-सहा कप चहा असेल तर रविवारी उशिरा उठल्यावर जी डोकेदुखी होते ती चहा चुकल्याची असते. शाळेतल्या स्टाफरूमचा चहा धरून मोजा. दोन कपांवर, ठरलेल्या वेळी, हळूहळू या.

आता दूध-जिलेबी. हा उपाय माझी आजी सांगायची, तिच्या आजीने सांगितलेला. त्यामागचं निरीक्षण खोटं नाही: सूर्य चढतो तसं डोकं चढतं, म्हणून सूर्याच्या आधी उठून काहीतरी खाऊन घ्यायचं. आयुर्वेदात अशा डोकेदुखीला सूर्यावर्त असं नावच आहे. माझ्या समजुतीप्रमाणे यात जिलेबीपेक्षा वेळेचं काम जास्त आहे. रात्रीच्या जेवणापासून सकाळी दहापर्यंत पोट रिकामं ठेवणाऱ्या बाईने पहाटे दूध आणि गोड खाल्लं तर तिचा उपास लवकर सुटतो, आणि उपाशीपोट हे अर्धशिशीचं फार मोठं निमित्त आहे. तोच फायदा सकाळी उठल्याउठल्या दशमी-दूध किंवा शेंगदाण्याचा लाडू खाऊन मिळतो. रोज जिलेबी खाऊन वजन वाढलं तर अर्धशिशी रोजची होण्याचा धोका वाढतो. साखर असलेल्या माणसाने तर नकोच.

नाकात तूप. अर्धावभेदकाचं, म्हणजे अर्धशिशीचं, वर्णन चरक आणि सुश्रुत दोघांनीही केलं आहे आणि नस्य, म्हणजे नाकात औषध सोडणं, हा त्यावरचा जुना उपचार आहे. कोमट तुपाचे दोन थेंब नाकाच्या कोरडेपणाला बरे. अर्धशिशीचे झटके त्याने कमी होतात असं मी खात्रीने म्हणू शकत नाही, आणि तुमच्यासारख्या धडधाकट बाईने केलं तर अडवणारही नाही. लहान बाळांच्या आणि गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांच्या नाकात मात्र तेल-तूप कधीही सोडू नये. ते श्वासनळीत उतरून फुप्फुसाला सूज येते. कुठल्याशा पाल्याचा रस नाकात पिळणारे असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. नाकातून धो-धो पाणी येतं, 'सगळं निघून गेलं' असं वाटतं, आणि आठवडाभर नाकाच्या आतलं कातडं सोललेलं राहतं. जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या.

कानशिलावर बिब्ब्याचा डाग घेतलेले रुग्ण अजूनही येतात. एका मेंढपाळाच्या दोन्ही कानशिलांवर रुपयाएवढे काळे व्रण होते. डोकं थांबलं का, विचारलं, तर म्हणाला, "चार दिवस थांबलं, मग भाजलेलंच जास्त दुखत होतं." शहरात याचंच नवं रूप आलं आहे, कानाच्या आतल्या कुर्चेला छिद्र पाडून बाळी घालायची. त्या जागी संसर्ग झाला तर कान वाकडा होतो. कान टोचून अर्धशिशी जात असती तर बुगडी घालणाऱ्या आपल्या पणज्यांना ती झालीच नसती.

दुसऱ्या ढिगात, म्हणजे झटके कमी करणाऱ्यांत, मी तीन पूरक गोष्टी वापरते. रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, दिवसाला ४०० मिलिग्रॅम. १९९८ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी ५५ रुग्णांवर तीन महिने चाचणी केली. ज्यांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा जास्त घटले असे रायबोफ्लेविनवर ५९ टक्के निघाले, नकली गोळीवर १५ टक्के. चाचणी लहान आहे, पण औषध निरुपद्रवी आहे, लघवी पिवळीजर्द होते इतकंच. बी-कॉम्प्लेक्सच्या नेहमीच्या गोळीत ही मात्रा नसते, त्यामुळे 'बी-कॉम्प्लेक्स घेते की' म्हणून उपयोग नाही. मॅग्नेशियम ४०० ते ६०० मिलिग्रॅम. पाळीच्या आसपास उठणाऱ्या अर्धशिशीत मी हे आधी देते. पोट सैल होतं, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर द्यायचं नाही. तीळ, कारळे, बाजरी, नाचणी यांतून मॅग्नेशियम मिळतंच, पण चाचण्यांतली मात्रा चटणीतून भरून निघत नाही. तिसरं को-एन्झाइम क्यू-टेन, १०० मिलिग्रॅम तीनदा. महाग आहे, म्हणून शेवटी. यातलं काहीही घेतलं तर तीन महिने द्या. पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडणाऱ्यांना मी दरवेळी हेच सांगते. आणि एक इशारा: बटरबर नावाच्या वनस्पतीची गोळी इंटरनेटवर मिळते. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी अकादमीने २०१२ साली तिला वरचा दर्जा दिला होता, पुढे यकृताला इजा होण्याच्या भीतीने २०१५ मध्ये ती शिफारस मागे घेतली. 'नैसर्गिक आहे, काय होणार' हे वाक्य ऐकलं की मला बटरबर आठवतं.

योगाबद्दल मी आधी साशंक होते. दिल्लीच्या एम्समध्ये १६० रुग्णांवर केलेली चाचणी २०२० साली आली आणि मत बदललं. निम्म्यांना फक्त औषधं, निम्म्यांना औषधं आणि योग. पहिला महिना केंद्रात आठवड्यातून तीन दिवस, पुढचे दोन महिने घरी पाच दिवस. योगाच्या गटात महिन्यातल्या डोकेदुखीच्या वेळा सरासरी ९.१ वरून ४.७ वर आल्या, दुसऱ्या गटात ७.७ वरून ६.८ वर. हे रुग्ण तुमच्याइतके रोज दुखणारे नव्हते, आणि त्यांनी औषधं सोडली नव्हती, हे दोन्ही लक्षात ठेवा. योगात मन रमत नसेल तर चाला. स्वीडनमधल्या ९१ रुग्णांच्या चाचणीत आठवड्यातून तीनदा ४० मिनिटांचा व्यायाम, टोपिरामेट हे झटके रोखणारं औषध आणि शिथिलीकरण या तिन्हींत मोठा फरक पडला नाही. सुरुवात दहा मिनिटांनी करा, उन्हात नको, उपाशी नको.

ॲक्युपंक्चर करायला माझी हरकत नाही. कॉक्रेन ही संस्था उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासते; तिच्या २०१६ च्या आढाव्यात २२ चाचण्या होत्या. खऱ्या सुया टोचलेल्या शंभरातल्या ५० जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली, भलत्याच जागी किंवा वरवर टोचलेल्या ४१ जणांचीही. म्हणजे सुईची जागा कमी महत्त्वाची; आठवड्यातून एकदा शांत पडून राहणं आणि कुणीतरी लक्ष देणं, यातही बराच गुण असावा. सुया नव्या पाकिटातल्या आहेत ना, एवढं पाहा. होमिओपॅथी नकली गोळीपेक्षा सरस ठरल्याचा भरवशाचा पुरावा मला दिसलेला नाही. साबुदाण्याच्या गोळ्यांनी अपायही होत नाही, पण त्यासाठी बीपीच्या किंवा फिटच्या गोळ्या थांबवू नका.

आयुर्वेदाची औषधं घ्यायची तर पदवीधर वैद्यांकडून, नाव आणि घटक छापलेली. आमच्याच गावातल्या वैद्यांशी माझा चांगला संबंध आहे, झोप, बद्धकोष्ठ, जेवणाच्या वेळा यांत ते माझ्यापेक्षा जास्त वेळ घालवतात आणि त्याचा रुग्णाला फायदा होतो. मला भीती वाटते ती बिननावाच्या पुड्यांची. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीत, २००८ साली, पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आणि ज्या पुडीने 'पहिल्याच दिवशी उतारा' पडतो तिच्यात बारीक केलेली पेनकिलर किंवा स्टेरॉइड असू शकतं. म्हणजे गोळ्या सोडल्या असं तुम्हाला वाटतं आणि पोटात गोळीच जात असते.

निमित्तं शोधताना मोठी यादी करू नका, चॉकलेट-चीज ही नावं आपल्या जेवणात फारशी नाहीत. आपल्याकडची निमित्तं वेगळी: संकष्टीचा चंद्रोदयापर्यंतचा उपास, दुपारचं ऊन, अगरबत्तीचा धूर, जागरण, आणि केस धुणं. हे शेवटचं ऐकून परदेशातले डॉक्टर भुवया उंचावतात, पण मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आहेत. न्हायल्यावर डोकं धरत असेल तर सकाळी घाईत, उपाशीपोटी केस धुऊ नका, आणि ओले केस आवळून बांधून शाळेला पळू नका.

तुम्ही 'गोळ्यांशिवाय' म्हणालात. दुखल्यावर घ्यायच्या गोळ्या आणि दुखू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या यांत फरक करा. महिन्याला वीस दिवस डोकं दुखणाऱ्या बाईला नुसत्या तीळ-आल्यावर ठेवणं मला पटत नाही. प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट, कँडेसार्टन यांतलं एखादं सहा-आठ महिने घ्यावं लागतं, मग कमी करता येतं, त्यांची सवय लागत नाही. कुठलं, ते माणसावर अवलंबून: दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, वजन आणि उदासपणा असेल तर फ्लुनारिझिन नको, आणखी मूल हवं असेल तर टोपिरामेट नको आणि व्हॅल्प्रोएट तर नकोच नको. याने भागलं नाही तर दर बारा आठवड्यांनी डोक्या-मानेच्या ३१ जागी बोटॉक्सची इंजेक्शनं आणि महिन्याला एक टोचायची नवी औषधं आहेत; खर्चिक आहेत, पण आहेत. झटक्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमचमती रेघ दिसत असेल तर संततिनियमनाची नेहमीची इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नका, पक्षाघाताचा धोका वाढतो. हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा.

'कायमचं बरं' याचं उत्तर: अर्धशिशी हा मेंदूचा जन्मजात स्वभाव आहे, तो जात नाही. वीस दिवसांचे चार दिवस होतात. पुढे वयाबरोबर, पाळी गेल्यावर, बऱ्याच जणींचं आणखी कमी होतं.

एमआरआय नॉर्मल आहे हे चांगलं, तरी काही गोष्टी घडल्या तर घरगुती उपाय बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा: क्षणात डोकं फुटेल असं दुखणं, ताप आणि मान आखडणं, हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, खोकताना किंवा वाकताना वाढणारं नवं दुखणं, दृष्टी अंधारणं. बाळंतिणीचं डोकं सतत दुखत असेल तर 'वारा लागला' म्हणून सोडून देऊ नका, मेंदूच्या नीलेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी अर्धशिशी समजू नका.

क्रम म्हणाल तर या महिन्यात फक्त नोंद आणि गोळ्यांचे दिवस. पुढच्या सुट्टीत डॉक्टरांच्या मदतीने पेनकिलर बंद, रोजचं औषध आणि मॅग्नेशियम किंवा रायबोफ्लेविन सुरू, सकाळचं खाणं उठल्यापासून तासाभरात. चालणं किंवा योग दुसऱ्या महिन्यापासून. सुट्टीतल्या या सुरुवातीनंतर एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाचा गुण आला ते कळणार नाही.

आता मुलगी. आईला अर्धशिशी असेल तर मुलांना होण्याचा संभव बराच असतो, आणि मुलांत ती वेगळी दिसते. दुखणं अर्ध्या डोक्याऐवजी कपाळभर, तास-दोन तासांतच ओसरणारं. काहींना पोटदुखी आणि उलट्याच जास्त. एसटीत किंवा घाटात उलटी होते का, आठवा. तिची डोळ्यांची तपासणी करून घ्या, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि शाळेत ती डबा मधल्या सुट्टीतच खाते की खेळून झाल्यावर उरला तर, हे तिच्या वर्गशिक्षिकेला विचारा; तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, हे सोपं जाईल. रात्री नऊला झोप, पाण्याची बाटली रिकामी होऊन घरी यायला हवी. डोकं धरून बसली तर अंधार, ओला रुमाल, थोडं खाणं, आणि लागलंच तर तिच्या वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नसतं. आणि घाईच्या सकाळी तुमच्या स्ट्रिपमधली अर्धी गोळी मोडून तिला देऊ नका.